सासूबाईंना न सांगितलेला शेवट

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की लोकांना काय काय आठवतं. कुणाला भोंडला, कुणाला सहामाही परीक्षा, कुणाला गच्चीतलं चांदणं. मला राग आठवतो, अगदी ठरल्यासारखा. पाऊस जातो, विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीतल्या पायवाटा कडक होतात, राजेळी केळ्यांचे घड उतरवून भाताच्या पेंढ्यात पिकायला घातले जातात. त्यांचा तो गोड, जडसर वास घरभर झाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमचे हे म्हणतात, "मंदा, उन्हानं होतं तुला. कोकम सरबत घे." सरबतानं जाणारा राग असता तर इतकी वर्षं टिकला असता का?

शरद ऋतूवर सुंदर सुंदर लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या पट्ट्यात यावं आणि भर दुपारी अंगणात उभं राहून सुकेळी उलटून दाखवावीत. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. पिकलेलं केळं सोलायचं, मांडवावर उन्हात पसरायचं, रोज उलटायचं, संध्याकाळी गोळा करायचं. असं करत करत ते मधासारखं तपकिरी आणि चिकट होतं. मग केळीच्याच वाळक्या पानात घट्ट गुंडाळून सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या, दोरीनं बांधायचं. पाहुणे जिभल्या चाटत खातात. आमच्या सासूबाईंच्या हातची सुकेळी तर पार विरारपासून पुण्यापर्यंत नातेवाइकांत प्रसिद्ध. मी मात्र लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून आजतागायत सुकेळं तोंडात घातलेलं नाही.

त्याचं कारण सांगते.

माझे वडील ठाण्याला पुस्तकं बांधायचे. बाइंडर. हाताला कायम खळीचा वास, नखांत सुताचे धागे. लग्नात त्यांना मला दागिने फारसे देता आले नाहीत, पण एक पत्र्याची ट्रंक भरून पुस्तकं दिली. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, कवितासंग्रह, दोन-तीन नाटकं. जुनी, फाटकी पुस्तकं मिळवून त्यांनी ती स्वतः नव्यानं शिवली होती. कापडी पाठ, कडेला लाल रंग, पाठीवर सोनेरी अक्षरांत पुस्तकाचं नाव आणि आत, कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक अक्षरांत माझं. सासरी आल्यावर दुपारी कामं आटपली की मी ट्रंक उघडायची. सासूबाई ओटीवरून म्हणायच्या, "वाचून काय पोट भरतं का गो?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तेवढं चालायचंच.

तिसऱ्या वर्षी ह्याच दिवसांत वडिलांना कावीळ झाली म्हणून मी ठाण्याला गेले. इकडे सुकेळी तयार होत आलेली आणि परतीचा पाऊस असा काही कोसळला की गुंडाळायची वाळकी पानं पार भिजून गेली. ओल्या पानात सुकेळं बांधलं की त्याला बुरशी येते. सासूबाईंना काहीतरी कोरडं हवं होतं. मी परत आले तेव्हा ट्रंकेत पुस्तकांच्या जागी सुकेळ्यांच्या पुड्या रचून ठेवलेल्या होत्या. एकेक पुडी छापील कागदाची. घाईघाईत ओरबाडली असती तरी मी समजून घेतलं असतं, पण नाही, शिलाई कापून फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले पानांचे गठ्ठे, सुटे केले होते, पानं व्यवस्थित वेगळी केली होती. कडक पुठ्ठे चुलीसाठी बाजूला. मी एक पुडी सोडली तर कागद सुकेळ्याला चिकटून आला. चिकटलेल्या तुकड्यावर माझं नाव होतं, वडिलांच्या अक्षरातलं.

मी रडले. ओरडले सुद्धा, नव्या सुनेनं ओरडू नये एवढं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वाचून झाली होती ना? मग?"

संपलं. एवढंच. त्यांच्या लेखी वाचून झालेलं पुस्तक म्हणजे केळ्याची साल. वडील पुढे कधी आले की विचारायचे, "ट्रंकेला वाळवी नाही ना लागली?" मी म्हणायची, "नाही हो, अजिबात नाही." ते गेले तोपर्यंत मी हेच म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी सासूबाई आतून चहा घेऊन यायच्या.

तर असा हा राग. ह्याला मी नीट सांभाळलंय, वाढवलंय. आणि गेल्या वर्षी, ह्याच ऋतूत, देवानं माझ्या हातात दोरी दिली.

सासूबाईंचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे. कानांनी खणखणीत, जिभेनं त्याहून. पण डोळ्यांचा पडदा गेला. डॉक्टर म्हणाले, ह्यावर इलाज नाही, कडेकडेनं थोडं दिसेल, अक्षर दिसणार नाही. त्यांची श्रावणातली पोथी मी वाचून दाखवायला लागले. चार दिवसांत कंटाळल्या. "ह्यात पुढं काय होणार ते मला पाठ आहे," म्हणाल्या. "दुसरं काहीतरी वाच. गोष्ट असलेलं."

वाचून पोट भरतं का, असं विचारणारी ती बाई ओटीवर पाय पसरून, विझत आलेले डोळे माझ्याकडे लावून म्हणत होती, वाच. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसले. आता हिला मी दाखवते, असं मनात म्हटलं. वाचूनच दाखवते.

गावातल्या वाचनालयात गेले आणि पिशवी भरून पुस्तकं आणली. एरवी माझी आवड कादंबरीची, पण गेल्या शरदात मी जे मिळेल ते वाचलं. निवड एकाच हिशेबानं केली, सासूबाईंना कुठलं टोचेल.

पहिलं आणलं एका बाईचं आत्मचरित्र. तिच्या सासूनं तिला केलेला जाच पहिली शंभर पानं भरून. मी अगदी सावकाश वाचलं. जिथे जिथे सासू येई तिथे आवाज चढवायचा, मग थांबायचं, पाणी प्यायचं. सासूबाई ऐकत होत्या, वाल सोलत होत्या. बोटांना दिसायची गरज नसते. शंभर पानांनंतर म्हणाल्या, "हिच्या सासूला कुणी विचारलं का, काय झालं होतं ते? पुस्तक हिनं लिहिलं म्हणून हिचंच खरं?" माझा अगदी तिळपापड झाला. ते पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत केलं.

मग प्रेमकथा आणली. वाटलं, लाजतील, कानावर हात ठेवतील. लाजले ते आमचे हे, चप्पल पायात सरकवून वाडीत निघून गेले, पंप बंद असताना पंप बघायला. सासूबाई म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाच गो, मधे मधे पुटपुटतेस."

पितृपक्षात भुताच्या गोष्टी काढल्या. तोपर्यंत आम्हाला आणखी एक श्रोता मिळाला होता, शेजारच्या मार्थाबाई. भुईगावची लेक, आमच्या कुंपणापलीकडे दिलेली, आता एकटीच असते. केळीचं पान मागायला आली आणि बसली ती बसलीच. भुतानं मार्थाबाईंची पार गाळण उडाली, क्रुसाची खूण करत होत्या. सासूबाईंनी मात्र भुतालाच धारेवर धरलं. "वडावर कशाला बसेल? मच्छर केवढे असतात. माडावर बसेल, वर वारा तरी येतो."

प्रवासवर्णन वाचलं, बर्फाच्या देशातलं. त्यामागे माझा डाव असा की लग्नानंतर मला सहलीला जायचं होतं आणि ह्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, भाताच्या कापणीचं निमित्त पुढे केलं होतं. बर्फाची वर्णनं मी मुद्दाम तोंडात घोळवून घोळवून वाचली. बाहेर ऊन असं की ओटीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "बरं वाटलं गो. अंगाला गार लागलं." म्हणजे जे जे म्हणून मी टोचायला आणावं ते ते हिनं अंगाला लावून घ्यावं! कविता तेवढी त्यांना सोसायची नाही. दोन ओळींत मान कलायची. म्हणून कविता मी शिक्षेसाठी राखून ठेवली. आमटीला नावं ठेवली की दुपारी कविता.

आणि मग रहस्यकथा आली.

हे पुस्तक मी आणलं ते निव्वळ जाड होतं म्हणून. डोंगरावरचा बंगला. मालक सकाळी आरामखुर्चीत मेलेला सापडतो, रात्रीच्या दुधात विष. घरात चौघंच: मालकाची म्हातारी आई, त्याची बायको, एक डॉक्टर आणि एक स्वयंपाकी. पहिल्या दुपारीच सासूबाईंच्या हातातला वाल थांबला. दुसऱ्या दुपारी त्या माझ्याआधी ओटीवर येऊन बसल्या. तिसऱ्या दुपारी जेवताना ह्यांना म्हणाल्या, "लवकर आटप, हिला वाचायचंय." तीस वर्षांत आमच्या घरात कुणी माझ्या वाचण्यासाठी जेवण आटपलं नव्हतं.

सासूबाईंचा संशय डॉक्टरवर. "सुई टोचणाऱ्याचा काय भरवसा?" मार्थाबाईंचा स्वयंपाक्यावर. रोझरीचा महिना चालू होता, संध्याकाळी त्यांना माळेच्या प्रार्थनेला घरोघरी जायचं असायचं, तरी उठायच्या नाहीत. "अजून एक पान वाच गं बाय, मग जाते." आणि मी? मी पहिल्याच रात्री शेवटचं प्रकरण वाचून टाकलं होतं. मला सगळं ठाऊक होतं. ओटीवर दोन म्हाताऱ्या भांडतायत आणि मधे मी, सगळं पोटात ठेवून. असं सुख मला दागिन्यांनीही दिलं नसतं.

शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी कोयते, विळे, पहार, पंपाचे पाने, सगळं धुऊन पाटावर मांडतात, आणि बाजूच्या पाटावर पुस्तकं. पूजेला ठेवलेल्या पुस्तकाला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, ही सासूबाईंचीच कडक शिस्त. माझ्या मुलाची बारावी होती तेव्हाही त्यांनी त्याला पुस्तक उचलू दिलं नव्हतं. मी पोथीवर ती रहस्यकथा ठेवली. वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दुपारी सासूबाईंनी ओटीवरून हाक मारली, "मंदा, ये गो, वाच."

"पुस्तक पाटावर आहे, आई."

"कुठलं?"

"तेच."

"ते कशाला ठेवलंस पूजेला? वाचनालयाचं ना ते?"

"पुस्तक ते पुस्तक. सरस्वतीला काय घरचं आणि वाचनालयाचं? तुम्हीच शिकवलंत."

माझ्या जिभेवर जणू कुणी साखर ठेवली. संध्याकाळपर्यंत त्या येरझाऱ्या घालत होत्या, भिंतीला हात लावत लावत, देवघरापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. मी भाजी चिरत होते आणि मोजून मापून त्यांची जिरवत होते.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. जेवणं झाली. मार्थाबाई गाजराचा हलवा घेऊन हजर. मी पुस्तक मांडीवर घेतलं, कव्हरवर कुंकवाचं बोट उमटलं होतं ते पदरानं पुसलं, पण उघडलं नाही.

"आई," मी म्हटलं, "वाचते. पण आधी तुम्ही एक शब्द बोला."

"कुठला गो?"

"तुम्हाला माहीत आहे."

मार्थाबाई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग सासूबाई म्हणाल्या, "ट्रंकेचं म्हणतेस?"

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की ह्या विसरल्या. म्हातारी बाई, शंभर कामं, कुठे लक्षात राहणार, अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. आणि हिला आठवत होतं! एका क्षणात आठवलं, म्हणजे कधी विसरलंच नव्हतं. त्या दिवशी मला जेवढा संताप आला तेवढा पुड्या बघितल्या त्या दिवशीही आला नव्हता.

"पाऊस आला होता गो त्या वर्षी," त्या म्हणाल्या. "पानं भिजली होती."

"कारण मला माहीत आहे. मला कारण नकोय. शब्द हवाय."

त्यांनी मान वळवली. "मग राहू दे तुझं पुस्तक."

झालं. दिवाळीपर्यंत ते पुस्तक कपाटावर पडून राहिलं. वाचनालयातून दोनदा मुदत वाढवून आणली. मी दुसरं काही वाचायला घेतलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. दुपारी ओटीवर नुसत्या बसायच्या, कोजागिरीच्या दुधाचा पेला समोर आला तेव्हा एकदा म्हणाल्या, "ह्यात नाही ना काही?" हसल्या नाहीत. आमचे हे मध्यस्थी करायला आले, "दे इकडे पुस्तक, मी आईला चार ओळींत सांगून टाकतो." मी म्हटलं, "हात लावून बघा." त्यांनी लावला नाही. मार्थाबाई मला एकटीला गाठून म्हणायच्या, "मला तरी सांग, मी कुणाला नाय सांगत." मार्थाबाईंना सांगितलं असतं तर रविवारी चर्चमधल्या मिस्साला अख्ख्या गावाला कळलं असतं.

मला काय हवं होतं? लोक म्हणतील, एवढ्याशा शब्दासाठी आंधळ्या म्हातारीचा छळ. म्हणू देत. पुस्तकं गेली ती गेली. वडील गेले. त्यांना मी आयुष्यभर खोटं सांगितलं ते ह्यांच्या घराची अब्रू राखायला. कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणायला हवं होतं की हे चुकलं. फक्त दोन शब्द, "माझं चुकलं." ते म्हणायचं सोडून ती बाई शेवट न ऐकता मरायला तयार होती.

चकलीची भाजणी दळून आणली त्या दुपारी माझाच धीर सुटला. तसं नाही, मला डाव सुचला. मी पुस्तक काढलं, ओटीवर आले आणि म्हटलं, "वाचते." सासूबाई सावरून बसल्या. मार्थाबाईंना हाक गेली. मी शेवटचं प्रकरण उघडलं आणि त्यात जे नव्हतं ते वाचलं. खुनी म्हणजे म्हातारी आई. तिनंच दुधात विष घातलं. आणि मग शेवटी ती सगळ्यांच्या देखत सुनेसमोर हात जोडते, म्हणते, बाई, माझं चुकलं, मला माफ कर, आणि सुनेच्या पायावर डोकं ठेवते. हे सगळं मी इतकं रंगवून वाचलं की मार्थाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

सासूबाई म्हणाल्या, "खोटं वाचतेस."

"काहीतरीच. इथे लिहिलंय."

"नसेल लिहिलेलं. ती म्हातारी माफी मागायची नाही."

"का नाही मागणार?"

"नाही मागायची." त्या वाल सोलायला लागल्या. "चुकलं हे तिला कळलेलं असेल. रात्र रात्र झोप येत नसेल. पण मागायची नाही. मेली तरी नाही. मला सांगू नकोस तू."

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात देऊन टाकलं. खरा शेवट मी त्यांना सांगितला नाही.

वर्ष झालं. आता परत तेच ऊन, तेच पेंढ्यात घातलेले घड, तोच वास. सासूबाई ठणठणीत आहेत. डॉक्टर नवल करतात. कधी कधी, जेवताना, सहज विचारल्यासारखं विचारतात, "त्या बंगल्याचं काय झालं होतं गो शेवटी?" मी म्हणते, "विसरले." मी विसरलेली नाही आणि त्यांना ते ठाऊक आहे. रात्र रात्र झोप येत नसेल, असं त्या म्हणाल्या होत्या. ते मी किती वेळा मनात फिरवून पाहिलं. कुणाला वाटेल, तेवढ्यावर भागवून घ्यावं. मी का भागवून घेऊ? कादंबरीतल्या म्हातारीच्या नावावर टाकलेली माफी मला नको. माझं नाव घेऊन, माझ्या वडिलांचं नाव घेऊन हवी.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात होते. ओटीवर मार्थाबाई आणि सासूबाई बोलत बसल्या होत्या. सासूबाई सांगत होत्या, "मी वर्षभर विचार केला. त्या बंगल्यात खून सुनेनंच केला होता."

"सुनेनं? ती तर बिचारी काय बोलत पण नाय," मार्थाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच. पुस्तकभर तोंड मिटून सगळ्यांना दूध देत फिरत होती. आणि आमच्या हिनं ते म्हातारीवर ढकललं, त्यावरूनच मला कळलं कुणाला वाचवतेय." मग त्यांनी आवाज चढवला. "काय गो मंदा? बरोबर का?"

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. त्या पुस्तकात सुनेनंच विष घातलेलं होतं. हातातला झारा तसाच राहिला माझा.

"चूक," मी आतून ओरडले.

"बरं. मग उद्या दुसरं आण," त्या म्हणाल्या. "आणि ह्या वेळी सासू नसलेलं बघ."

मी आज सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. आणलंय एक. सासू आहे, पहिल्याच पानावर.